शुवैखचे बंदर आणि विभागलेला श्रमबाजार : कुवेतमधील रोजगाराचा इतिहास

श्रमबाजार म्हणजे काम देणारे आणि काम मागणारे यांच्या गरजांतून वेतन व रोजगार ठरवणारी व्यवस्था, अशी व्याख्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. कुवेतच्या गेल्या शतकाचा इतिहास पाहता ही व्याख्या अपुरी ठरते. कारण कोणी काम मागावे, कोणाकडे मागावे आणि ते सोडून दुसरीकडे जाता यावे की नाही, हे प्रश्न तेथे बाजाराच्या हाती पडण्यापूर्वीच कायद्याने, नागरिकत्वाने आणि सरकारी खर्चाच्या धोरणाने निकाली काढलेले होते. कुवेत शहराच्या जुन्या तटबंदीच्या पश्चिमेस, उपसागराच्या काठावर वसलेला शुवैख हा भाग या इतिहासाचा उत्तम साक्षीदार आहे. एकाच परिसरात देशाचे मोठे व्यापारी बंदर, कारखाने व मोटारदुरुस्तीच्या कार्यशाळांची औद्योगिक वसाहत आणि विद्यापीठ यांची स्थापना झाली, आणि त्या त्या ठिकाणी कोण काम करील हे जवळजवळ सर्वस्वी पारपत्राच्या रंगावरून ठरत गेले. मुंबई, कोकण आणि गोवा यांचा या घडणीशी असलेला संबंध तेलापेक्षाही जुना आहे.

१९०७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सरकारने कुवेतचे शासक शेख मुबारक यांच्याकडून शुवैखच्या किनाऱ्यावरील जमीन वार्षिक ६०,००० रुपये भाड्याने कायमच्या पट्ट्यावर घेतली. बर्लिन–बगदाद रेल्वेचे शेवटचे स्थानक इराणच्या आखातात येऊ नये, ही त्यामागची चिंता होती. प्रत्यक्ष बंदर बांधण्याची घाई कोणालाच नव्हती. तरीही हा करार रुपयांत झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. आखातातील ब्रिटिश कारभार हिंदुस्थान सरकारमार्फत चालत असे, व्यवहारात हिंदुस्थानी रुपया चाले आणि कुवेतच्या व्यापाऱ्यांचे हिशेब बसरा व मुंबई या दोन टोकांमध्ये फिरत. बसऱ्याचा खजूर कुवेती गलबतांतून मुंबईस येई, परतीच्या प्रवासात मलबारचे सागवान, तांदूळ, मसाले व कापड जाई, आणि आखातात निघालेल्या मोत्यांना खरा भाव मुंबईच्या मोतीबाजारात मिळे.

या व्यवस्थेतला कामगार म्हणजे मोत्यांसाठी बुडी मारणारा पाणबुड्या आणि त्याला दोराने वर ओढून घेणारा त्याचा जोडीदार. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने ते समुद्रावर असत. त्यांना ठरावीक वेतन नसे. हंगामापूर्वी नौकेचा नाखवा त्यांना उचल देई आणि हंगामाअखेरीस मोत्यांच्या विक्रीतला वाटा त्या उचलीतून वळता होई. वाटा उचलीपेक्षा कमी भरला की कर्ज उरे, आणि कर्ज फिटेपर्यंत पाणबुड्याला दुसऱ्या नाखव्याकडे जाता येत नसे. अनेकदा हे कर्ज मृताच्या वारसांकडेही जाई. म्हणजे कामगाराला एकाच मालकाशी बांधून ठेवणारी व्यवस्था तेल सापडण्याआधीच कुवेतला परिचित होती. जपानमध्ये कृत्रिम लागवडीचे मोती तयार होऊ लागले, त्यापाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि १९३० च्या दशकात मोत्यांचा धंदा कोसळला. कुवेतचे मनुष्यबळ बेकार झाले असतानाच नव्या मालकाचे आगमन झाले.

२३ डिसेंबर १९३४ रोजी कुवेतचे तेव्हाचे शासक शेख अहमद अल-जाबर यांनी कुवेत ऑइल कंपनीला तेल काढण्याची सवलत दिली. अँग्लो-पर्शियन आणि अमेरिकेची गल्फ या दोन कंपन्यांच्या भागीदारीतून ही कंपनी उभी राहिली होती. सहीच्या वेळी ४,७५,००० रुपये आणि तेल निघू लागल्यावर दर टनामागे ३ रुपये, असा मोबदला ठरला. रोजगाराच्या दृष्टीने मात्र या पैशांइतकीच दुसरी अट महत्त्वाची होती. ब्रिटिश सरकारने कंपनीशी स्वतंत्र राजकीय करार करून, तिचे नोकर शेखचे प्रजाजन किंवा ब्रिटिश प्रजाजन असावेत आणि इतरांना संमतीवाचून घेऊ नये, असे बंधन घातले. कुवेतींत यंत्रकाम व कारकुनीचे शिक्षण घेतलेले लोक फारसे नव्हते. उलट त्या काळी हिंदुस्थानी लोक कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होते, आणि मुंबईत रेल्वेच्या कार्यशाळा, गोद्या, गिरण्या व इंग्रजी शाळांनी फिटर, वेल्डर, सुतार, वीजतंत्री, हिशेबनीस आणि टंकलेखक यांची फळी आधीच तयार केली होती. मुंबईत भरती होऊन आखातात जाणारा कामगार हा अशा रीतीने केवळ मागणी-पुरवठ्यातून नव्हे, तर साम्राज्याच्या एका कलमातून निर्माण झाला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये बुरगान येथे तेल लागले, परंतु महायुद्धामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पहिली निर्यात ३० जून १९४६ रोजी झाली. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत कंपनीने हजारो भारतीय कामगार नेले. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची जहाजे मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहारीन असे थांबे घेत कुवेत व बसऱ्यास जात, आणि त्यांच्या उघड्या डेकवर वळकटी टाकून प्रवास करणाऱ्यांत रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील माणसे असत. जहाजावरची नोकरी कोकणाला नवी नव्हती. खलाशी, तांडेल आणि भंडारी म्हणून कोकणी मुसलमानांच्या पिढ्या समुद्रावर गेल्या होत्या. गोव्यातील तारवटींनी, म्हणजे जहाजांवर चाकरी करणाऱ्यांनी, मुंबईत आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ उभारले होते. काम मिळेपर्यंत तेथे स्वस्तात राहता येई आणि कोणत्या कंपनीत भरती चालू आहे ही बातमीही तेथेच कळे. कोकणी मुसलमानांमध्ये हेच काम गावाच्या जमातीने आणि नात्यागोत्याने केले. कामाच्या शोधाचा खर्च आणि धोका समाजानेच वाटून घेतल्यामुळे एका गावातून एक माणूस गेला की त्याच्या मागोमाग त्याचा भाऊ, मेहुणा आणि शेजारी जाई. आजही कोकणातील काही गावांत घरटी एक माणूस आखातात असतो आणि शेजारच्या गावात एकही नसतो, याचे कारण वेतनातील फरकापेक्षा या सामाजिक साखळीत अधिक सापडते.

१९५१ हे वर्ष कुवेतच्या दृष्टीने निर्णायक ठरले. इराणने आपला तेल उद्योग राष्ट्रीयीकृत केल्यामुळे ब्रिटिश कंपन्यांनी कुवेतमधील उत्पादन झपाट्याने वाढवले, आणि त्याच वर्षाअखेरीस नफ्याचा अर्धा वाटा शासकाला देण्याचा करार झाला. या पैशांतून मिनोप्रियो, स्पेन्सली आणि मॅकफार्लेन या ब्रिटिश नगररचनाकारांकडून नव्या शहराचा आराखडा करून घेण्यात आला. त्यानुसार जुन्या शहराभोवती कुवेती कुटुंबांसाठी नवी उपनगरे वसली आणि पश्चिमेकडील शुवैखच्या वाट्याला शिक्षण व उद्योग आले. १९५३ मध्ये तेथे समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला दहा लाख गॅलन क्षमतेचा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि त्याच वर्षी शुवैखची माध्यमिक शाळा उघडली. १९६० मध्ये खोल पाण्याचे बंदर कार्यान्वित झाले. तोवर जहाजे दूर नांगर टाकून उभी राहत आणि माल पडावांतून किनाऱ्यावर आणावा लागे. आता सिमेंट, पोलाद, मोटारी आणि धान्य थेट धक्क्यावर उतरू लागले. जुन्या शहरातील घरे व जमिनी सरकारने चढ्या भावाने विकत घेतल्या, आणि तेलाचा पैसा नागरिकांच्या हाती पोहोचवण्याचा तो एक प्रमुख मार्ग ठरला. १९५७ मध्ये शहराची तटबंदी पाडण्यात आली.

मातीची भिंत गेली, पण तिच्या जागी कायद्याची भिंत उभी राहिली. १९५७ च्या पहिल्या जनगणनेत कुवेतची लोकसंख्या २,०६,४७३ होती व त्यांपैकी ९२,८५१ लोक परदेशी होते. या आकड्यांनी सावध झालेल्या शासनाने १९५९ मध्ये दोन कायदे केले. नागरिकत्वाच्या कायद्याने १९२० पूर्वीपासून कुवेतमध्ये स्थायिक असलेल्यांना व त्यांच्या वंशजांना मूळ नागरिक मानले, आणि परदेशीयांच्या निवासाच्या कायद्याने इतर सर्वांवर निवासपरवान्याचे बंधन घातले. हा परवाना, ज्याला कामगार ‘अकामा’ म्हणतात, एखाद्या कुवेती व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या जामिनावर मिळतो. जामीन राहणारा तो ‘कफील’ आणि ही सारी पद्धत म्हणजे ‘कफाला’. तिचे मूळ अरबी आतिथ्याच्या परंपरेत शोधण्याचा प्रघात आहे; परंतु ओमर अल-शेहाबी यांच्यासारख्या इतिहासकारांनी १९२० च्या दशकात बहारीनमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी परदेशी मजुरांवर देखरेख ठेवण्यासाठी केलेल्या नियमांकडे बोट दाखवले आहे. मूळ कोणतेही असो, परिणाम एकच होता : पाणबुड्याला नाखव्याशी कर्ज बांधत असे, तर नव्या कामगाराला मालकाशी परवाना बांधू लागला. मालक बदलायचा तर त्याच्याकडून सुटका, कामगारांच्या भाषेत ‘रिलीज’, मिळवावी लागे. जिथे कामगाराला अधिक पगाराच्या जागी मोकळेपणाने जाता येत नाही, तिथे मागणी वाढली तरी वेतन त्या प्रमाणात वाढत नाही, हे अर्थशास्त्रातले साधे तत्त्व कुवेतमध्ये कायद्याच्या बळावर दशकानुदशके प्रत्ययास येत राहिले.

याच सुमारास रुपयाचे राज्यही संपले. आखातातून होणाऱ्या सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे भारताच्या परकी चलनावर ताण येत होता, म्हणून मे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. पण १ एप्रिल १९६१ रोजी कुवेतने स्वतःचा दिनार सुरू केला आणि १३⅓ रुपयांस एक दिनार या दराने रुपये परत घेतले. १९ जून १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला. ब्रिटिश प्रजाजन असल्याचा जो लाभ भारतीयांना एकेकाळी मिळाला होता तो आता उरला नव्हता, आणि शाळा, रुग्णालये, बांधकाम व सरकारी कचेऱ्यांत पॅलेस्टिनी, इजिप्शियन व इराकी लोकांची संख्या मोठी होती. भाषा आणि अरब ऐक्याची भावना हे त्यामागचे सामाजिक कारण होते.

११ नोव्हेंबर १९६२ च्या राज्यघटनेने श्रमबाजाराची दुसरी बाजू पक्की केली. तिच्या ४१ व्या कलमात प्रत्येक कुवेती नागरिकाला कामाचा हक्क असून ते उपलब्ध करून देण्यासाठी राज्याने झटावे, असे म्हटले आहे. हा हक्क व्यवहारात सरकारी नोकरीच्या रूपाने मिळू लागला. इराणी अर्थतज्ज्ञ हुसेन महदवी यांनी १९७० मध्ये अशा देशांचे विश्लेषण करताना जी संकल्पना मांडली, तिला मराठीत खंडावर जगणारे राज्य म्हणता येईल. जमिनीच्या मालकाला स्वतः न कसता जसा खंड मिळतो, तसे अशा राज्याला बाहेरून उत्पन्न मिळते. ते जनतेकडून कर घेत नाही, उलट मिळालेले उत्पन्न जनतेत वाटते, आणि नोकरी हे त्या वाटपाचेच एक साधन बनते. ऑक्टोबर १९६६ मध्ये कुवेत विद्यापीठाची स्थापना झाली आणि शुवैखच्या जुन्या माध्यमिक शाळेचे आवार त्याचे प्रमुख संकुल बनले. तेथून पदवी घेणाऱ्या कुवेती तरुणाला सरकारी खात्यात निश्चित वेतन, भत्ते आणि निवृत्तिवेतन यांची खात्री होती; खासगी उद्योगात परदेशी कामगाराशी वेतनाच्या स्पर्धेत उतरण्याचे त्याला कारणच नव्हते. त्याच शुवैखच्या धक्क्यावर माल उतरवणारे, पिठाच्या गिरणीत राबणारे आणि औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे इंजिन उघडणारे हात मात्र परदेशी होते. अर्थशास्त्र याला विभागलेला श्रमबाजार म्हणते, म्हणजे असा बाजार की ज्याच्या एका भागातील माणूस पात्रता असूनही दुसऱ्या भागात जाऊ शकत नाही. १९६४ च्या खासगी क्षेत्राच्या श्रमकायद्याने कामाचे तास व रजा यांची तरतूद केली, परंतु घरकामगारांना त्यातून वगळले. १९६५ च्या जनगणनेत लोकसंख्या ४,६७,३३९ झाली आणि कुवेती नागरिक स्वतःच्या देशात प्रथमच अल्पसंख्य ठरले.

१९७३ च्या अरब–इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले आणि भरतीचा ओघ पुन्हा दक्षिण आशियाकडे वळला. आशियाई कामगार कमी पगारावर येत, बहुतेक जण कुटुंब मागे ठेवून येत, आणि अरब राजकारणाशी त्यांचा संबंध नसे. आर्थिक काटकसर आणि राजकीय सावधगिरी या दोन्ही हेतूंनी ते सोयीचे होते. मुंबई ही या भरतीची मोठी पेठ बनली. एजंटांच्या कार्यालयांत कसबाची चाचणी होई, आणि व्हिसासाठी घर गहाण टाकून किंवा दागिने मोडून पैसे भरणाऱ्यांची फसवणूकही होई. १९२२ चा वसाहतकालीन उत्प्रवास कायदा या परिस्थितीला पुरा पडत नव्हता. म्हणून भारताने १९८३ चा उत्प्रवास कायदा केला, ज्याने भरती एजंटांना परवाना सक्तीचा केला आणि कमी शिकलेल्या कामगाराला परदेशी जाण्यापूर्वी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी घेणे भाग पाडले. याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कोकणाला पिढ्यान्‌पिढ्या पोसणारा गिरणीचा रोजगार ओसरू लागला. मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगण्याची सवय असलेल्या मुलखाला, निदान ज्या कुटुंबांची साखळी आखातापर्यंत पोहोचत होती त्यांना, आता दिनाराच्या ड्राफ्टचा आधार वाटू लागला.

हा आधार किती नाजूक होता हे २ ऑगस्ट १९९० रोजी उघड झाले. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदाद व कुवेतला जाऊन आले, आणि त्यानंतर बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मानपर्यंत पोहोचलेल्या लोकांना एअर इंडियाने ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ४८८ उड्डाणांतून मुंबईस आणले. अनेकांची बचत कुवेती बँकांत अडकली होती आणि कुवेती दिनार घ्यायला कोणी तयार नव्हते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने कुवेत वा इराक सोडावे लागलेल्या व्यक्तीस २,५०० डॉलर आणि इतर कोणताही दावा न करणाऱ्यास ४,००० डॉलर अशी भरपाई निश्चित केली. देशाच्या पातळीवरचा धक्का याहून मोठा होता : आखातातून येणारा पैसा आटला, तेलाचे भाव भडकले, आधीच खोल असलेले परकी चलनाचे संकट चिघळले, आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवावे लागले. त्याच महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले आणि उदारीकरणाचे पर्व सुरू झाले. कुवेतच्या श्रमबाजारातील खंड भारताच्या आर्थिक धोरणाला वळण देणाऱ्या कारणांपैकी एक ठरला.

युद्धानंतर कुवेतने मनुष्यबळाची मांडणी नव्याने केली. पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांनी इराकच्या सद्दाम हुसेन यांची बाजू घेतल्याचा राग म्हणून सुमारे चार लाखांच्या पॅलेस्टिनी समाजातील फार थोड्यांना राहू देण्यात आले. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागांवर इजिप्शियन आणि मोठ्या प्रमाणावर भारतीय आले. तंत्रज्ञ आणि कारकुनांबरोबरच आता अभियंते, परिचारिका, बँक कर्मचारी आणि घरकामगारही येऊ लागले. कुवेती स्त्रियांच्या शिक्षणाचा व नोकरीचा विस्तार हे यामागचे एक महत्त्वाचे सामाजिक कारण होते; शिक्षण खाते व मंत्रालयांत कुवेती स्त्रिया मोठ्या संख्येने काम करू लागल्या, पण घर व मुले सांभाळण्याचे काम परदेशी स्त्रियांवर सोपवले गेले. एका स्त्रीच्या मुक्त श्रमाची किंमत दुसऱ्या स्त्रीच्या बांधील श्रमाने चुकती झाली. त्या दुसऱ्या स्त्रीसाठी स्वतंत्र कायदा येण्यास २०१५ साल उजाडावे लागले, आणि पुढच्या वर्षी तिचे किमान वेतन दरमहा ६० दिनार ठरवण्यात आले.

या काळात कुवेतने आपल्या नागरिकांना खासगी क्षेत्रात आणण्याचेही प्रयत्न केले. २००० च्या १९ व्या क्रमांकाच्या कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या निव्वळ नफ्यावर २.५ टक्के आकारणी बसवली आणि खासगी नोकरी करणाऱ्या कुवेतींना सरकारी तिजोरीतून भत्ता सुरू केला. २०१० च्या श्रमकायद्याने परदेशी कामगारांची भरती व्यक्तिगत कफीलांऐवजी एका सरकारी मनुष्यबळ प्राधिकरणाकडे सोपवण्याचे ठरवले, आणि २०१६ च्या नियमाने तीन वर्षे काम केलेल्या कामगाराला मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा दिली. तरीही निवासपरवाना नोकरीशी जोडलेलाच राहिला, पैसे घेऊन व्हिसा विकणाऱ्यांचा धंदा संपला नाही, आणि बहुसंख्य कुवेती कर्मचारी सरकारी नोकरीतच राहिले. जोवर तिजोरीतून मिळणारे वेतन बाजारातील वेतनाहून अधिक आहे, तोवर भत्ता किंवा राखीव जागा यांनी हा कल बदलत नाही. जून २०२० मध्ये, महासाथीने तेलाचे भाव कोसळले असताना, तेव्हाचे पंतप्रधान शेख सबाह अल-खालिद यांनी लोकसंख्येतील परदेशीयांचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणण्याची इच्छा व्यक्त केली, आणि भारतीयांची संख्या १५ टक्क्यांवर मर्यादित करणाऱ्या विधेयकाची चर्चा झाली. टाळेबंदी उठल्यावर बांधकामे सुरू झाली आणि भारतीयांची संख्या पुन्हा वाढून दहा लाखांच्या घरात गेली. १२ जून २०२४ रोजी मंगफ येथील कामगारांच्या इमारतीला आग लागून जे बळी गेले त्यांत ४५ भारतीय होते. दाटीवाटीच्या खोल्यांतील राहणी हाही स्वस्त श्रमाच्या हिशेबाचाच भाग असल्याचे त्या घटनेने दाखवून दिले.

या शंभर वर्षांच्या वाटचालीवरून एक निष्कर्ष निघतो. कुवेतमध्ये कामगारांची टंचाई होती म्हणून परदेशी आले, हे अर्धेच सत्य आहे. नागरिकांसाठी सरकारी नोकरी आणि परदेशीयांसाठी बांधील परवाना अशी वाटणी केल्यामुळे ती टंचाई कायम राहिली, आणि स्वस्त श्रमाची सवय लागलेल्या उद्योगांना यंत्रांवर किंवा स्थानिक कौशल्यावर खर्च करण्याची गरज भासली नाही. भारताच्या बाजूनेही, कोकण व मुंबईतील रोजगाराचा प्रश्न परदेशी भरतीवर सोपवून त्याच्या अनिश्चिततेचा भार कुटुंबांवर टाकला गेला. अशा बाजारातील वेतन कौशल्यावर जितके अवलंबून असते तितकेच दोन सरकारांच्या कायद्यांवर अवलंबून असते. म्हणून तेथे जाणाऱ्या कामगाराचे संरक्षण हा सदिच्छेचा विषय नसून करारातील अटींचा विषय आहे, आणि त्या अटी मजबूत करण्याची जबाबदारी त्याला पाठवणाऱ्या राज्याची आहे.